लावलेली माया

अबीरची बाबागाडी कालव्यात जाता जाता वाचली, ती एका मासळीवाल्यामुळे. त्याने टपरीतून झेप घेऊन दांडा धरला तेव्हा गाडीची पुढची दोन चाकं काठाबाहेर लोंबत होती. मुलांना सांभाळायला आमच्याकडे राहणारी पोर्तुगीज मुलगी दहा पावलांवर फोनमध्ये बघून हसत उभी होती. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. त्या क्षणी तिला अबीरचा विसर पडला होता, एवढंच.

ही गोष्ट २०४१ सालची. मी इरावती पाळंदे. हॉलंडमध्ये डेल्फ्टला राहते. समुद्राला उधाण आलं की शहरं वाचवायला जी पोलादी दारं बंद करतात, त्यांच्या देखभालीचं काम करते. माझा नवरा श्रीरंग समुद्राखाली केबल टाकणाऱ्या जहाजावर असतो. सहा आठवडे तिकडे, तीन आठवडे घरी. रुंजी तेव्हा साडेपाच वर्षांची होती आणि अबीर दहा महिन्यांचा. पाळणाघरात नंबर लागायला चौदा महिने होते.

इकडे ओ-पेअर ठेवायची पद्धत आहे. परदेशातली एखादी तरुण मुलगी वर्षभर घरात घरच्यासारखी राहते, मुलं सांभाळते, भाषा शिकते. आमच्याकडे दीड वर्षात तीन झाल्या. पहिली घरच्या आठवणीने महिन्यात परत गेली. दुसरी रुंजीला दिवसभर पडद्यासमोर बसवायची. तिसरी ही. तिला मी निरोप दिला आणि रजा काढून घरी बसले. पण रजा संपणार होती, आणि डोळे मिटले की मला ती दोन चाकं दिसत होती.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीने मला हेगमधल्या एका संस्थेचं नाव दिलं. तिथल्या डॉक्टर योहाना फॉस यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते?"

"सांभाळणारीला माझ्या मुलांचा विसर पडेल याची."

"मग नुसती प्रेमळ मुलगी शोधून उपयोग नाही. जिला विसर पडूच शकणार नाही, अशी शोधायला हवी."

त्यांनी मला समजावलं ते असं. बाळंतपणात बाईचा मेंदू बदलतो. काही भाग आकसतात, काही जोडण्या घट्ट होतात. शरीरात ऑक्सिटोसिनसारखी द्रव्यं वाढतात, आणि त्याच सुमारास जे मूल कुशीत येतं त्याचा वास, आवाज, स्पर्श मेंदूत कोरला जातो. मग झोपेतही बाईला आपल्या मुलाची हालचाल कळते. मेंढीचं तर हे तासा-दोन तासांत होतं. कळपातल्या शंभर कोकरांतून ती आपलं कोकरू वासावरून ओळखते. फॉसबाईंच्या प्रयोगशाळेने ही द्रव्यं योग्य प्रमाणात एकत्र करून नाकात मारायचा फवारा तयार केला होता. सांभाळणाऱ्या मुलीने चाळीस दिवस सकाळ-संध्याकाळ फवारा घ्यायचा आणि लगेच अर्धा तास मुलांना जवळ घेऊन बसायचं. चाळीस दिवसांनी फवारा बंद. वर्ष संपून ती मुलांपासून दूर गेली की ही ओढ तीनेक महिन्यांत आपोआप ओसरणार.

"म्हणजे ती खरंच माया करेल?"

"तिच्या मेंदूला खरी आणि लावलेली असा फरक कळत नाही," डॉक्टर म्हणाल्या.

मला त्या वाक्याने इतकं हायसं वाटलं की पुढे काही विचारावंसं वाटलं नाही.

कांचन तायवाडे मला त्यांच्याच यादीत मिळाली. काटोलची, तेवीस वर्षांची, रुग्णसेवेचा अभ्यासक्रम केलेली. वडील लहानपणीच गेलेले. आई कॉलेजच्या मुलांसाठी खानावळ चालवायची. व्हिडिओ कॉलवर ती खुर्चीच्या अगदी कडेवर बसून बोलत होती.

"फवाऱ्याचं सगळं सांगितलंय ना तुला?" मी विचारलं.

"हो ताई. सही केलीय मी. मला पुढे तिकडेच नर्सिंग शिकायचंय." मग म्हणाली, "ते काही दुखत नाही ना?"

"छे! काहीच दुखत नाही," मी म्हणाले. मला काय माहीत होतं? पण म्हणाले.

ती मार्चमध्ये आली. येताना रुंजीसाठी आईच्या हातची संत्र्याची बर्फी घेऊन आली. पहिले पंधरा दिवस ती लाजरी, मदतीला तत्पर, आणि मुलांच्या बाबतीत थोडी नवखी होती. रोज सकाळी आणि संध्याकाळी फवारा घेऊन ती दोघांना मांडीवर घ्यायची आणि भुलाबाईची गाणी म्हणायची. मला त्यात काहीच वावगं दिसायचं नाही.

अठराव्या दिवशी मी तिला स्वयंपाकघरात भांडी विसळताना पाहिलं. अबीर वर झोपला होता. तिने एकाएकी नळ बंद केला, हात पुसले आणि जिना चढायला लागली. ती तिसऱ्या पायरीवर असताना अबीर रडला. आधी नाही. तिसऱ्या पायरीवर.

त्या दिवसापासून मी निर्धास्त झोपायला लागले. अबीरला ताप येणार हे ती थर्मामीटर लावायच्या आधी सांगायची. रुंजीच्या शाळेत कोणी तिला चिमटा काढला तर घरी आल्या आल्या तिला कळायचं. श्रीरंग सुट्टीवर आला तेव्हा म्हणाला, "लॉटरीच लागलीय आपल्याला." तो परत जहाजावर गेला, आणि एप्रिलच्या अखेरीला चाळीस दिवस पूर्ण होऊन फवारा बंद झाला.

मे महिन्यात एक दिवस मला ऑफिसात भारतातून फोन आला.

"इरावतीताई का? मी कांचनची माय बोलून राहिली. तुमाले तरास देते, पण पोरगी फोनच नाही उचलून राहिली. उचलला तर परक्यावानी बोलते. मी दवाखान्यात होती आठ दिवस, तिले सांगितलं, तर म्हणे बरं. नुसतं बरं म्हणे. तिची तब्येत ठीक हाये ना?"

घरी आल्यावर मी कांचनला विचारलं. ती अबीरची नखं कापत होती.

"आईला बरं नव्हतं म्हणे?"

"हो, ऑपरेशन झालं," ती वर न बघता म्हणाली. "अबीरची नखं किती पटकन वाढतात ना ताई?"

तिच्या आवाजात ना राग होता, ना कंटाळा. जिथे आई असायला हवी होती तिथे काहीच नव्हतं. पण अबीर तिच्या मांडीवर इतका शांत होता की मी विषय सोडून दिला.

पुढच्याच आठवड्यात रुंजीने माझ्या कामाच्या नकाशांवर रंग ओतला. तीन दिवसांची मेहनत होती ती. मी ओरडले आणि तिच्या पाठीत मारायला हात उगारला. तो खाली आलाच नाही. कांचनने मनगट धरलं होतं. ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला होती. इतक्या लवकर कशी आली कळलं नाही. ती रुंजी आणि माझ्यामध्ये उभी होती, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, नाकपुड्या फुललेल्या.

"कांचन, सोड. दुखतंय मला."

तिने एकदम हात सोडला आणि स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. "माफ करा ताई. मी... मला कळलंच नाही." ती रडायला लागली. माझ्या मनगटावर चार बोटं उमटली होती. मी तिची समजूत घातली. चूक माझीच होती, मुलीवर हात उगारायला नको होता.

पण त्यानंतर घर बदललं. मी संध्याकाळी दार उघडून आत आले की अबीर रडायला लागायचा. आधी वाटलं, दात येत असतील. मग एकदा मी नीट पाहिलं. तो कांचनच्या कडेवर होता. मी आत पाऊल टाकलं तशी तिची पाठ ताठ झाली, हात त्याच्याभोवती आवळले गेले, श्वास रोखला गेला. आणि तो रडला. तो मला भीत नव्हता. तिचं शरीर त्याला सांगत होतं की दारात जी आलीय तिला भ्यायला हवं. त्याचं तो ऐकत होता.

"ताई, आधी अंघोळ करून या ना," ती अगदी आर्जवाने म्हणायची. "तुमच्या अंगाला बाहेरचा वास येतो. त्याला नाही चालत."

मी अंघोळ करून यायचे. तरी तो रडायचा. मग हळूहळू त्याला भरवायचं काम माझ्याकडून गेलं, रुंजीला झोपवायचं गेलं. कांचन त्यांच्या खोलीच्या उंबऱ्यावर गादी टाकून झोपायला लागली. मुलांना बघायचं तर मला तिला ओलांडून जावं लागायचं, आणि ती गाढ झोपेत असली तरी मी पाय उचलला की तिचे डोळे उघडायचे. माझ्या स्वतःच्या घरात मी चोरासारखी पावलं टाकायला लागले.

एका रविवारी दुपारी ती माझ्याकडे आली. चेहरा पांढराफटक. कुर्त्यावर छातीपाशी दोन ओले डाग होते.

"ताई," ती हळूच म्हणाली, "माझं लग्नही नाही झालेलं. हे काय होऊन राहिलं मला?"

तिला आधी कळलं नाही, मला कळलं. तिला दूध सुटलं होतं. तेवीस वर्षांच्या त्या मुलीचं शरीर माझ्या मुलासाठी दूध तयार करत होतं. मी तिला जवळ घेतलं. त्या क्षणी ती फक्त कुणाची तरी घाबरलेली लेक होती.

"उद्या डॉक्टरांना विचारू आपण," मी म्हणाले.

ती झटकन मागे झाली. "नको. ते मला इथून नेतील." आणि तिचा चेहरा परत मिटला. "मी ठीक आहे. तुम्ही कुणाला सांगू नका."

दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून मी डॉक्टर फॉसना फोन केला. त्यांनी सगळं ऐकलं.

"मेंढीबद्दल मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "ती आपलं कोकरू ओळखते, आणि बाकी जे कोणी जवळ येईल त्याला डोक्याने ढुशी देऊन हाकलते. मेंदूतलं द्रव्य तेच. ते जवळच्याला बांधतं आणि परक्याला बाहेर ठेवतं. तुम्ही दहा-दहा तास घरात नसता. तुम्ही मुलीवर हात उगारलात. तिच्या मेंदूच्या हिशेबी या मुलांना आई एकच आहे, आणि ती तुम्ही नाही."

"पण फवारा तर कधीचाच बंद झालाय!"

"तीस मुलींपैकी चौघींमध्ये फवारा बंद झाल्यावर ओढ होती तेवढीच राहिली नाही. मुलांच्या रोजच्या स्पर्शावर ती वाढतच गेली. हे आम्हाला गेल्या महिन्यात कळलं."

"गेल्या महिन्यात? आणि मला सांगितलं नाहीत?"

त्या म्हणाल्या, "गुरुवारी सकाळी दहाला आमची दोन माणसं येऊन तिला घेऊन जातील. तोवर तिला काही कळू देऊ नका. दूर नेणं म्हणजे तिच्यासाठी मुलं मरण्यासारखंच असेल. दुसऱ्या एका घरात अशी मुलगी बाळ घेऊन निघून गेली होती. तीन दिवसांनी सापडली."

"बाळ?"

"बाळ सुखरूप होतं. त्याची तिने काळजी घेतली होती. दाराशी आलेल्या पोलिसाला मात्र तिने सुरी मारली."

तो सोमवार होता. मंगळवार आणि बुधवार मी कसे काढले, मलाच माहीत. रजा घेतली असती तर तिला संशय आला असता म्हणून ऑफिसला जात राहिले आणि तासातासाला घरच्या कॅमेऱ्यात बघत राहिले. ती मुलांना खेळवत होती, भरवत होती, गाणी म्हणत होती. श्रीरंगच्या जहाजाशी संपर्क झाला तेव्हा आवाज तुटत होता. "काळजी घे" एवढंच ऐकू आलं. घरातल्या सुऱ्या मी ऑफिसच्या बॅगेत घालून नेल्या. बुधवारी संध्याकाळी कांचन भाजी हाताने मोडत होती. तिने सुरी कुठे गेली हे विचारलंही नाही.

"ताई," ती म्हणाली, "दोन दिवस झाले, तुमच्या घामाचा वास बदललाय."

मी हसायचा प्रयत्न केला. "उकाडा आहे."

"उकाडा नाही. तुम्ही भेता कशाला तरी." ती माझ्याकडे टक लावून बघत होती. "लेकरांना काही होणार आहे का?"

"नाही गं. काही नाही होणार."

गुरुवारी सकाळी मी रुंजीला बरं नसल्याचं शाळेला कळवलं, कारण कांचनने तिला सोडलंच नाही. दहाला पाच मिनिटं असताना एक पांढरी गाडी समोर थांबली. एक पुरुष आणि एक बाई उतरली. मी दाराशी पोचले, तेवढ्यात वर धावणाऱ्या पावलांचा आवाज आला आणि न्हाणीघराच्या दाराची कडी लागली.

मी धावत वर गेले. ती दोघं माझ्यामागे. आत टबात पाणी सोडल्याचा आवाज येत होता. अबीर किंचाळत होता.

"कांचन! दार उघड!"

"त्या लोकांना पाठवा." आवाज तिचा होता, पण मी कधी न ऐकलेला. "कोणी आत यायचं नाही. लेकरांना मी नेऊ देणार नाही."

पुरुषाने दाराला खांदा लावला. आतून काहीतरी जड सरकवल्याचा आवाज आला आणि अबीरचं रडणं आणखी चढलं. पाणी वाहतच होतं. डॉक्टरांचं बोलणं माझ्या कानात घुमत होतं, पण मला वेगळंच काहीतरी दिसलं: आम्ही जितकं दार ठोकू तितकी ती मुलांना घट्ट धरणार होती, आणि टब भरत होता. मी त्या माणसाचा दंड धरला.

"खाली जा. दोघंही. घराबाहेर जा."

"मॅडम, नियम..."

"बाहेर जा म्हणते ना!"

ते गेले. मी दारापाशी जमिनीवर बसले. "कांचन, ते गेले. मी एकटीच आहे. पाणी बंद कर, बाळा."

पाणी बंद झालं नाही. मग आतून रुंजीचा आवाज आला, बारीक, रडवेला.

"आई, कांचनताई खूप घट्ट धरतेय. अबीरला दुखतंय."

"रुंजी, मी इथेच आहे. तुला भीती वाटतेय का?"

"हो."

"कोणाची? त्या माणसांची?"

ती म्हणाली, "कांचनताईची."

नळ बंद झाला. दाराआड इतकी शांतता झाली की अबीरचे हुंदके सुटे सुटे ऐकू आले.

"काय म्हणाली ती?" कांचनने विचारलं. मला नाही, रुंजीला. "मले भेते तू? रुंजा? मले?"

"तुझे डोळे वेगळे झालेत," रुंजी म्हणाली आणि मोठ्याने रडायला लागली.

कडी निघाली. कांचन दारात उभी होती, गुडघ्यापर्यंत भिजलेली. तिने अबीरला माझ्याकडे सरळ हात करून दिलं, अंगापासून लांब धरून, जणू तिच्याच हातांचा भरवसा उरला नव्हता. त्याच्या दंडावर लाल वळ होते. ते तिने पाहिले.

"लेकरू मले भ्यालं, ताई," ती म्हणाली. "मले यांच्यापासून लांब न्या. लवकर न्या. मी परत पलटायच्या आत न्या."

ती स्वतः जिना उतरली. गाडीत बसेपर्यंत तिने मागे पाहिलं नाही. गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा मात्र आतून एक आवाज आला, आणि गल्लीतली सगळी माणसं खिडक्यांत आली. मूल गेलेल्या बाईचं रडणं मी एकदाच, लहानपणी ऐकलं होतं. हे तसंच होतं.

तिला तीन आठवडे संस्थेच्या दवाखान्यात ठेवलं आणि मग काटोलला पाठवलं. तिथे तिने मुलांचा फोटो बघू नये, आवाज ऐकू नये, असं बजावलं होतं. मी चौकशी समितीपुढे जबानी दिली. तिला काही दुखणार नाही असं मीच सांगितलं होतं, हेही सांगितलं. फवाऱ्यावर बंदी आली. श्रीरंगने किनाऱ्यावरची नोकरी घेतली. अबीरने आठ दिवस नीट खाल्लं नाही. मी भरवताना तो माझ्या खांद्यावरून मागे बघायचा. मग खायला लागला. रुंजी तर दुसऱ्याच आठवड्यापासून विचारायला लागली, "कांचनताई बरी झाली की येईल ना? मी तिच्यासाठी चित्र काढलंय." तिची भीती त्या न्हाणीघरातच संपली होती. माझी मात्र नाही. दाराची बेल वाजली की अजूनही मी आधी मुलं कुठे आहेत ते बघते.

ऑक्टोबरात एका शनिवारी काटोलहून फोन आला. मी स्वयंपाकघरात होते आणि रुंजी टेबलावर वहीत रंगवत होती.

"ताई, कांचनची माय," पलीकडून आवाज आला. "जेवते आता बरं. माह्याशी बोलते. परवा माह्या गळ्यात पडून रडली, ऑपरेशनच्या वेळी नाही आली म्हणून. पण शेजारचं बाळ रडलं का कानात बोटं घालते. रात्रंदिवस एकच विचारते. म्हणून फोन केला." ती घुटमळली. "ती इथंच बसली हाये माह्यापाशी. ती विचारून राहिली, रुंजी अजून भेते का मले?"

रुंजीने मान वर केली. तिने आपलं नाव ऐकलं होतं. "आई, कोण आहे? कांचनताई आहे?"

मी फोनवर तळहात दाबला आणि मागच्या दाराने अंगणात गेले. नाही म्हटलं असतं तर त्या मुलीला इतक्या महिन्यांनी शांत झोप लागली असती. कदाचित तिने इकडे परत यायला आनंदाने बॅगही भरली असती. मला तिच्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता, फोनच्या अगदी जवळ.

"हो," मी म्हणाले. "अजून भिते."

पलीकडे कोणीतरी फोन हळूच खाली ठेवला. आत रुंजी दाराची काच वाजवून मला हाक मारत होती, आणि मी कडी बाहेरून धरून उभी होते.